पहिले पाच हजार कशावर?

हातात जुना, कुणाकडून तरी घेतलेला डीएसएलआर आहे, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स आहे आणि पाच हजार रुपये शिल्लक आहेत. "भाऊ, यात काय घेऊ?" सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या पट्ट्यात नोकरी करणारी मराठी मुलं मला हा प्रश्न नेहमी विचारतात. बरीचशी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. घर उधन्याला, लिंबायतला नाहीतर डिंडोलीला, आणि शिफ्टप्रमाणे कंपनीच्या बसने येणं-जाणं. पाच हजार ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. गावी पाठवायचे पैसे, खोलीचं भाडं, बहिणीची फी हे सगळं भागवून ती उरलेली असते, आणि तशी पुन्हा कधी उरेल याचा भरवसा नसतो. म्हणून या प्रश्नाला 'ज्याची त्याची आवड' असं उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: ट्रायपॉड घ्या. पण त्याच्या आधी पाचशे रुपये एका डब्यावर घाला. दोन्हींची कारणं हजिऱ्याच्या हवेत आणि हजिऱ्याच्या जमिनीत आहेत.

कॅमेऱ्याबरोबर आधी काय घ्यावं याच्या तयार याद्या खूप मिळतात. बहुतेक याद्या कोरड्या, थंड हवेत राहणाऱ्या माणसांनी केलेल्या असतात, नाहीतर विकणाऱ्यांनी. त्यांत बॅग असते, फिल्टर असतो, लेन्स पुसायचं पेन असतं. खाडीच्या काठावर राहणाऱ्याच्या कॅमेऱ्याला पहिला धोका कशाचा, हे मात्र त्यांत नसतं. तापीचं मुख, खंबातच्या आखाताचं तोंड आणि जून ते सप्टेंबर चालणारा पाऊस यांच्या मधोमध आपण राहतो. पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. लेन्सवरची बुरशी साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढे जोमाने वाढते. तिला अंधार आवडतो, कोंडलेली हवा आवडते आणि कापड किंवा चामडं मिळालं तर आणखी बरं. म्हणजे कपाटात ठेवलेली, आतून मऊ अस्तराची, चेन लावून बंद केलेली कॅमेऱ्याची बॅग ही तिच्यासाठी उत्तम जागा. ज्या बॅगेवर लोक पहिले दीड हजार घालतात तीच लेन्स खराब करते.

बुरशी कशी दिसते ते एकदा नीट पाहून ठेवावं. लेन्स कॅमेऱ्यातून काढायची, तिची पाती उघडी धरायची, मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि तिरकं पाहायचं. निरोगी काच नुसती चमकते. बुरशी लागलेल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ते कडेकडून मध्याकडे पसरत जातात, आणि काही ठिकाणी दव साचल्यासारखे ठिपके असतात. सुरुवातीला फोटोत काहीच फरक पडत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. नंतर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट, पांढुरके येऊ लागतात. बुरशीतून पाझरणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. लेन्स उघडून बुरशी पुसता येते, पण खाल्लेला लेप परत येत नाही. दुरुस्तीला जो खर्च सांगतात तेवढ्यात तशीच जुनी लेन्स दुसरी येते.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या दुकानात मिळतो. झाकणाला रबराची कड असलेला, चारही बाजूंनी कड्या लागणारा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला की झालं. तिसाच्या खाली गेला तर पुडी कमी करा, कारण फार कोरड्या हवेत रबर आणि आतलं वंगण सुकतं. जेल शक्यतो नारिंगी रंगाचं घ्यावं. निळ्या जेलमध्ये रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला चांगलं नाही, घरात लहान मुलं असतील तर नकोच. ओलावा पिऊन नारिंगी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये एकशेदहा-एकशेवीस अंशांवर कोरडे करून पुन्हा वापरायचे. कॅमेरा डब्यात ठेवायचा तो बॅगेतून काढून, नुसता.

याला जोडूनच एक सवय हवी, तिला पैसे लागत नाहीत. एसी खोलीतला थंड कॅमेरा पावसाळ्यातल्या संध्याकाळी दारात आणला की काचेवर आणि आतही दव धरतं. बाहेर पडायच्या अर्धा तास आधी बॅग बंद ठेवूनच एसीबाहेर काढावी आणि कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होऊ द्यावा. घाईने चेन उघडली की बुरशीला लागणारं पाणी आपणच आत घालतो.

हे पाचशे रुपये मी खरेदीच्या हिशोबात धरत नाही. कॅमेरा घेतानाच ते घेतलेल्या किमतीत मिळवायला हवे होते.

आता उरलेल्या साडेचार हजारांवर दुकानदाराचा डोळा असतो. मुंबईच्या फोर्टात बोरा बाजाराच्या गल्लीत जा, नाहीतर सुरतेतल्या कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात जा, काउंटरवर पहिल्यांदा पुढे येतो तो यूव्ही फिल्टर. फिल्मच्या काळात अतिनील किरणांनी निळसर झाक येई, तेव्हा त्याला अर्थ होता. डिजिटल सेन्सरपुढे तसा फिल्टर आधीच बसवलेला असतो. इथल्या सुवालीच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि लेन्स परत परत पुसावी लागते. त्या पुसण्याचे ओरखडे लेन्सऐवजी स्वस्त काचेवर पडावेत, एवढ्यापुरतं मी त्याचं म्हणणं मान्य करतो. पण रात्री हाच फिल्टर आड येतो. दूरवरच्या प्रत्येक दिव्याचं हिरवट भूत फोटोत दुसरीकडे उमटतं, आणि हजिऱ्याची रात्र तर दिव्यांचीच असते. पोलरायझर ओल्या चिखलावरची चकाकी कापतो खरा, पण हिवाळ्यात सुरतेवर साचणारा धुरकट थर त्याने फारसा हटत नाही. तो थर हवेतल्या मोठ्या कणांचा असतो आणि त्यावर पोलरायझरचा जोर चालत नाही. रिफ्लेक्टरच्या जागी थर्माकोलचा पांढरा पत्रा चालतो. रिमोटच्या जागी कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर चालतो. जे घरात करता येतं किंवा कॅमेऱ्यात आधीच आहे त्यावर पहिले पैसे घालू नयेत. हा नियम लावला की यादीतल्या बहुतेक वस्तू आपोआप गळतात आणि ट्रायपॉड व फ्लॅश या दोनच उरतात.

फ्लॅशची बाजू कमकुवत नाही. तिच्यामागे मोठं नाव उभं करता येतं, आणि तेही आपल्या शेजारचं. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३चा, नवसारीचा. नवसारी सुरतेपासून लोकलच्या अंतरावर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. फाळणीच्या आणि स्वातंत्र्याच्या दिवसांतली दिल्ली आज आपण त्यांच्या डोळ्यांनी पाहतो. त्यांच्या पिढीच्या वृत्तछायाचित्रकारांच्या हातात स्पीड ग्राफिकसारखे जड कॅमेरे असत आणि फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे. पेटला की जळून जाई, गरम बल्ब काढून दुसरा बसवावा लागे. म्हणजे प्रत्येक उजेडाची किंमत खिशातून मोजायची आणि नेता दारातून आत येतो तेवढ्या वेळात ठरवायचं की आत्ता की नंतर. अशा कामात फ्लॅश पहिला यायलाच हवा. समोरचा क्षण दुसऱ्या कुणाचा असतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुन्हा घडत नाही.

ज्याला लग्नाची कामं घ्यायची आहेत तो याच रांगेत बसतो, आणि हजिऱ्याच्या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांना ती घ्यायची असतात. पगाराच्या बाहेर चार पैसे मिळवायचा तो सरळ मार्ग आहे. त्यांना मी ट्रायपॉड सांगत नाही, पण एकदम फ्लॅशही सांगत नाही. आधी दुसरी बॅटरी आणि दुसरं मेमरी कार्ड. एकशेअठ्ठावीस जीबीचं एक कार्ड घेण्यापेक्षा बत्तीसची दोन घ्यावीत, चांगल्या कंपनीची आणि पक्क्या बिलावर. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली बॅटरी थकलेली असते. ती सप्तपदीच्या वेळी संपली तर नवरा-नवरी पुन्हा फेरे घेणार नाहीत. लोकांच्या आयुष्यातला एकच दिवस आपल्या हवाली केलेला असतो, म्हणून तिथे पहिला खर्च तो दिवस निसटू नये याचा. फ्लॅश त्यानंतर. तोही घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. फ्लॅश छताकडे वळवून मऊ उजेड पाडावा, असं सगळे शिकवतात. पण आपल्याकडचं लग्न मोकळ्या प्लॉटवरच्या मंडपात असतं आणि वर भगवं, लाल, पिवळं कापड ताणलेलं असतं. त्या कापडावरून परतलेला उजेड त्याचा रंग घेऊन खाली येतो. हळदीच्या फोटोत चेहरा आधीच पिवळा असतो, त्यात वरून भगवी झाक पडली की नवरीची त्वचा ओळखू येत नाही. तिथे फ्लॅशच्या डोक्याला मागे पांढरं कार्ड बांधून उजेड पुढे आणावा लागतो. कार्ड फुकट होतं, पण ते बांधायचं हे माहीत असायला हवं.

इतकं सगळं मान्य केल्यावरही मी ट्रायपॉडवर ठाम आहे, कारण ज्यांना पोटासाठी फोटो काढायचे नाहीत त्यांची संख्या मोठी आहे. शिफ्ट सुटल्यावर, साप्ताहिक सुट्टीला, कॅमेरा गळ्यात घालून ते सुवालीला जातात. त्यांना हजीरा दाखवायचा असतो. कुणी घरच्यांना, कुणी स्वतःला.

आधी साधं गणित. रात्री दूरवरून दिसणारा कारखान्यांचा उजेड नीट यायला आयएसओ शंभर, छिद्र एफ/८ आणि उघडझाप आठ सेकंद असा अंदाज धरू. हातात धरून आठ सेकंद कुणीच स्थिर राहू शकत नाही. ५५ मिलिमीटरवर हातात धरायचं तर एक ऐंशीअंश सेकंदाच्या आसपास जावं लागतं. सोयीसाठी एक साठअंश धरू. छिद्र एफ/५.६पर्यंत उघडलं तर आठाचे चार सेकंद होतात. चार सेकंद आणि एक साठअंश यांत दोनशेचाळीस पटींचा फरक आहे, म्हणजे जवळजवळ आठ स्टॉप. तो भरून काढायला आयएसओ शंभरावरून चोवीस हजारांच्या पुढे न्यावा लागतो. जुन्या, सुरुवातीच्या श्रेणीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांच्या फोटोत रवा सांडलेला दिसतो.

"पण आता लेन्समध्येच स्थिरीकरण असतं," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. साध्या लेन्सचं स्थिरीकरण तीन-चार स्टॉप देतं. ते आयएसओ सोळाशेच्या आसपास आणून ठेवील आणि बऱ्यापैकी फोटो येईल. मोबाइलचा रात्रीचा मोड तर एकावर एक अनेक फोटो रचून आणखी चांगला निकाल देतो. नुसता स्पष्टपणा हाच मुद्दा असता तर ट्रायपॉडचा दावा मी दहा वर्षांपूर्वी जेवढ्या जोराने केला असता तेवढ्या जोराने आज करता आला नसता. माझा दावा वेगळ्या जागेवर उभा आहे.

तो सांगण्यासाठी मला दादासाहेब फाळक्यांकडे जावं लागेल. फाळके चित्रपटांच्या आधी छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. म्हणजे या माणसाची पहिली दुकानदारी गुजरातेतली. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवून परतले. कॅमेरा आला, पण राजा हरिश्चंद्र काढायला पैसे नव्हते आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, त्याच्यासमोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून रोप वर चढताना दिसलं. 'अंकुराची वाढ' हे त्या छोट्या चित्रफितीचं नाव. ती पाहून पैसे उभे राहू लागले, आणि १९१३च्या मे महिन्यात राजा हरिश्चंद्र प्रेक्षकांसमोर आला.

त्या फितीत कलाकार नाहीत, प्रकाशयोजनेची करामत नाही. सगळा प्रभाव एका अटीवर अवलंबून होता: कॅमेरा हलता कामा नये. आज एक बोट डावीकडे आणि उद्या दोन बोटं वर असं झालं असतं तर पडद्यावर रोपाची वाढ दिसली नसती, नुसती थरथर दिसली असती. बदल दाखवायचा तर पाहणारा स्थिर हवा.

आणि हजिऱ्यात पाहण्यासारखं जे सर्वांत मोठं आहे, ते बदल हेच आहे. मराठी वाचकाच्या मनातली सुरत बहुधा १६६४ आणि १६७० या सुरतेच्या लुटींच्या दोन सालांपाशी थांबते. त्याच्याही आधी, १६१२ साली, याच किनाऱ्यावर सुवालीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगिजांशी लढाई झाली. मोठी जहाजं सुरतेला न जाता सुवालीला का थांबत? तापीचं मुख गाळाने भरत असे म्हणून. सुवालीपासून शहरापर्यंत माल गाड्यांनी आणि लहान होड्यांनी जाई. पुढे तो नांगरतळही गेला. म्हणजे ही जमीन कधीच एका जागी नव्हती. गेल्या चाळीस वर्षांत तिचा वेग मात्र कितीतरी पटींनी वाढला. दक्षिण वसईच्या समुद्रातला वायू इथे किनाऱ्यावर आला, आणि तो उत्तरेकडे नेण्यासाठी १९८४ साली स्थापन झालेल्या 'गेल'ने हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी टाकली. ओएनजीसी, कृभकोचा खत कारखाना, पोलाद, पेट्रोरसायनं, जहाजबांधणी, २००५ पासून द्रवरूप वायूचं टर्मिनल, मग बंदर. पोलादाचा कारखाना २०१९च्या डिसेंबरात एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला. २०२०च्या नोव्हेंबरात घोघ्याची रो-पॅक्स फेरी सुरू झाली आणि रस्त्याने तीनशेसत्तर किलोमीटरचं अंतर समुद्रातून नव्वदवर आलं. मोरा, दामका, राजगरी, जुनागाम, सुवाली या गावांच्या अंगणातून हे सगळं गेलं. कुठे खारफुटीची कड मागे सरली, कुठे वाळूची नवी जीभ पुढे आली, कुठे होड्या ओढायची जागा बदलली.

या गावांकडे आपण छायाचित्रकार कसे पाहतो? सूर्यास्त, पोरांची उडी, एखादी होडी, मागे चिमण्यांची रांग. प्रत्येक फोटो सुटा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून. त्यातले काही फार सुंदर असतात. पण शंभर सुंदर फोटो शेजारी ठेवले तरी पाणी किती आत आलं, हे त्यांतून कुणाला सांगता येत नाही. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच कोनातून वर्षानुवर्षं काढलेले आठ-दहा साधे फोटो ते सांगतात. हजिऱ्यात उणीव अशा फोटोंची आहे. म्हणून ट्रायपॉड. फ्लॅशचा उजेड दहा-पंधरा पावलांच्या पुढे निकामी होतो. मैलभर पसरलेल्या ओहोटीच्या चिखलापुढे त्याचं काहीच चालत नाही.

"जागा ठरवून हातात धरूनच काढले तर?" हाही आक्षेप घेतला जातो. करून पाहा. माणसाचे हात रोज वेगळ्या उंचीवर असतात, क्षितिज कधी डावीकडे झुकतं कधी उजवीकडे, आणि दोन फोटो एकमेकांवर ठेवले की कुठली रेघ कुठे जुळवायची ते कळत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा उभा राहिला की दोन्ही हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातात मागच्या वेळच्या फोटोची छापील प्रत धरता येते. प्रतीतली मोरीची कड चौकटीच्या डाव्या कोपऱ्यापासून कितीशी लांब होती, दीपस्तंभ किंवा चिमणी कुठल्या झाडाच्या माथ्यावर येत होती, हे एका हाताने पाहत दुसऱ्या हाताने ट्रायपॉडचं डोकं हळूहळू वळवायचं. पायांच्या कोणत्या खाचेपर्यंत उंची ठेवली होती ते मागे लिहून ठेवलेलं असावं. लेन्स १८ मिलिमीटरवरच ठेवावी. तिथे कडं अडतं, त्यामुळे तीच रुंदी पुन्हा हमखास मिळते. ३५वर अंदाजाने फिरवलं की प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो.

आणि तारखेऐवजी तिथी पाहावी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे दर महिन्याच्या एक तारखेला गेलात तर एकदा पाणी पायाशी असेल, एकदा नजरेपलीकडे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, मधल्या अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. एकाच ठिकाणी उधाणाची भरती आणि ओहोटी दिवसाच्या जवळजवळ त्याच वेळेला येते. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांत गणली जाते, त्यामुळे हा फरक इथे फार जाणवतो. अमावास्येची ओहोटी धरून गेलात तर महिनोन्महिने तुलना करता येईल असा फोटो मिळतो. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांचं कॅलेंडरच तसं आहे. त्यांना विचारून जागा ठरवली तर जास्त चांगली ठरेल, कारण कुठे काय होतं आणि आता काय नाही हे त्यांना ठाऊक असतं.

ट्रायपॉड कसला, हे ठरवताना मात्र हात आखडू नये. हजार-बाराशेचे हलके, प्लास्टिकचे सांधे असलेले ट्रायपॉड मोबाइलला ठीक आहेत. समुद्राच्या वाऱ्यात त्यांच्यावर डीएसएलआर ठेवला की मधला दांडा वर केल्याबरोबर डुलू लागतो. साडेतीन-चार हजारांत अॅल्युमिनियमचा, जाड पायांचा, खाली बॅग लटकवायला आकडा असलेला ट्रायपॉड मिळतो. तो जड असेल. जड असणं हाच त्याचा गुण आहे. पाय अडकवायच्या खिट्ट्या उघडबंद होणाऱ्या असाव्यात, पिळायच्या नकोत. सुवालीची काळसर बारीक वाळू पिळाच्या आट्यांत गेली की तो कायमचा करकरतो. चिखलात पाय रुततात, म्हणून खालचा टप्पा आधी पूर्ण काढायचा, म्हणजे खिट्टी चिखलाच्या वर राहते. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवायचे. हे एकदा टाळलं की मीठ सांधा खातं.

एक गोष्ट निक्षून सांगायला हवी, कारण ट्रायपॉड लांबून दिसतो. कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. तीन पायांवर कॅमेरा रोवून उभ्या राहिलेल्या माणसाची चौकशी होते, आणि इथे ती व्हायलाच हवी. वायूचे प्रकल्प, जेट्टी, बंदर, कारखान्यांची फाटकं या ठिकाणी छायाचित्रणाला मनाई आहे, आणि सीआयएसएफचा जवान विचारायला आला तर तो आपलं काम करतो आहे. प्रकल्पाच्या आत तर वायूच्या परिसरात साधा मोबाइलही नेऊ देत नाहीत. त्याच्या ठिणगीनेही भडका उडू शकतो. नोकरी तिथेच असली तर नोकरीचं भान आधी. आपली जागा सार्वजनिक किनाऱ्यावर निवडावी, गावाकडे आणि पाण्याकडे तोंड करून. चौकटीत दूरवर चिमण्या येतील तेवढ्या पुरेत. बदलाची खरी नोंद गावाच्या कडेला आहे, फाटकाच्या आत नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जोरदार आहे. १९७२पासून लँडसॅटचे उपग्रह वरून फोटो काढत आहेत, ते आज कुणालाही फुकट पाहता येतात, हजिऱ्याचा किनारा सालागणिक कसा सरकला ते त्यांत दिसतं. मग पाच हजार रुपये आणि सुट्टीचा दिवस घालून तेच काम जमिनीवर का करायचं? मी ते फोटो पाहिले आहेत आणि त्यांचा आदर करतो. त्यांत किनाऱ्याची रेघ आहे. त्यांतला सर्वांत लहान ठिपकासुद्धा अनेक मीटर रुंद असतो. जाळी वाळत घालायचे बांबू त्यांत नाहीत, देवळाच्या ओट्यापर्यंत आलेली पाण्याची खूण नाही, होडीचं नाव नाही, आणि तिथे कोण उभं होतं तेही नाही. ते माणसाच्या उंचीवरून, गावातल्याच कुणी काढावं लागतं. या किनाऱ्यावर सर्वांत जास्त तास घालवणारी माणसं म्हणजे गावकरी आणि शिफ्टमधली मुलं, आणि त्यांतल्या कित्येकांकडे आता कॅमेरा आहे.

ट्रायपॉड घेऊन जे काही उरतील त्यांतले शे-दोनशे छपाईला ठेवावेत. चार बाय सहाच्या दोन प्रती काढायच्या, मागे तिथी, वेळ आणि जागा पेन्सिलीने लिहायची. एक प्रत पुढच्या वेळी हातात धरायला आपल्याकडे ठेवायची आणि दुसरी ज्याच्या अंगणासमोर ट्रायपॉड उभा केला होता त्या घरात द्यायची.